‘आता कळलं असेल त्याला’

ताई,

माझे बाबा पाच महिन्यांपूर्वी गेले. फुफ्फुसाचा कॅन्सर होता, शेवटचा महिना घरीच होते. पेशाने शिक्षक आणि पक्के नास्तिक. आईच्या देव्हाऱ्याला त्यांनी कधी आडकाठी केली नाही, पण स्वतः कधी हातही जोडले नाहीत. देहदानाचा फॉर्म त्यांनी फार आधीच भरून ठेवला होता. ‘माझ्यामागे कसलेही विधी नकोत, तो खर्च शाळेच्या वाचनालयाला द्या,’ असं लिहूनही ठेवलं होतं. देहदान आम्ही केलं. पण मोठे काका आणि दादा दहाव्यासाठी अडून बसले. नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. ‘वाचनालयाचे पैसे देऊ’ म्हणून झालं, ‘आईला सांभाळू’ म्हणून झालं. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. तेव्हा काका सगळ्यांसमोर म्हणाले, “जन्मभर नाही नाही म्हणत राहिला. आता कळलं असेल त्याला.” घरी गरुडपुराण लावलं होतं. त्यातली नरकाची वर्णनं ऐकून मी उठून आत गेले.

शेवटचे तीन-चार दिवस बाबा भ्रमात होते. “आई आलीय, तिला बसायला दे,” असं म्हणायचे. आजीला जाऊन तीस वर्षं झाली. जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दाराकडे बघून हात जोडले. खोलीत मी एकटीच होते. हे मी काकांना सांगून बसले आणि आता ते येईल त्याला सांगतात, शेवटी त्याने देवाला हात जोडलेच.

मला रात्र रात्र झोप नाही. मेल्यावर खरं काय ते माणसाला कळतं का? बाबांना कळलं असेल का? आणि ते चुकलेले असतील तर आता त्यांचं काय? दादाला वर्षश्राद्ध साग्रसंगीत करायचंय. आई काहीच बोलत नाही. माझा सात वर्षांचा मुलगा विचारतो, “आजोबांना आता कळलं का गं, देव आहे का नाही ते?”

तुम्ही मला अगं-तुगं केलंत तर बरं वाटेल. नाव-गाव छापू नका.

* * *

पोरी,

आधी त्या जोडलेल्या हातांचं बोलू. तुझी झोप तिथेच अडकलीय असं मला वाटतं.

मी सिस्टर होते. नोकरीची बहुतेक वर्षं सरकारी दवाखान्यात मेडिसिनच्या वॉर्डात गेली. शेवटच्या दिवसांतली माणसं कशाकशाला हात जोडतात ते मी पाहिलंय. शीर सापडत नाही म्हणून पुन्हा सुई टोचायला गेलं की ‘आता पुरे, बाई’ म्हणून जोडतात. पाण्याचा चमचा ओठाला लावला की जोडतात. अंग पुसून चादर बदलणाऱ्या मावशींना जोडतात. बांधाच्या भांडणावरून वर्षानुवर्षं अबोला धरलेला भाऊ दारात उभा राहिला की त्याला जोडतात. देवाला जोडणारेही पुष्कळ असतात. हात मात्र सगळ्यांचे सारखेच जुळतात. त्यामागे काय होतं ते त्या माणसाने सांगितलं तरच कळतं, आणि तुझ्या बाबांनी सांगितलेलं नाही.

ते शिक्षक होते. नोकरीभर रोज मुलांनी ‘नमस्ते गुरुजी’ म्हणायचं आणि त्यांनी उलट नमस्कार करायचा, असं चाललेलं. त्या संध्याकाळी दारात त्यांना कोण दिसलं, काही दिसलं का, हे तुला माहीत नाही. मलाही नाही. काका तर खोलीत नव्हतेच. जिने पाहिलं तिला खात्री नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही ते खात्रीने सांगत फिरतात. यातलं खरं कुणाचं धरायचं, तूच बघ.

हे तुझ्याच घरात पहिल्यांदा घडतंय असं समजू नकोस. चार्ल्स डार्विन १८८२ साली वारला. ‘लेडी होप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका ख्रिस्ती धर्मप्रचारक बाईंनी १९१५ मध्ये, म्हणजे ३३ वर्षांनी, अमेरिकेतल्या एका धार्मिक नियतकालिकात छापून आणलं की आपण आजारी डार्विनला भेटलो, तेव्हा तो अंथरुणावर बायबल वाचत होता आणि आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताबद्दल हळहळत होता. गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. शेवटी १९२२ मध्ये डार्विनची मुलगी हेन्रिएटा हिने जाहीर लिहिलं की वडील गेले तेव्हा मी तिथे होते, ही बाई नव्हती, आणि वडिलांनी आपली कुठलीही शास्त्रीय मतं मागे घेतली नाहीत. तीही मुलगीच. जवळ असलेलीही तीच. ती गोष्ट अजूनही लोक सांगतात, पण तिचं म्हणणंही नोंदलेलं राहिलं. तुलाही एवढंच करायचंय. काका पुन्हा सांगायला लागले की शांतपणे म्हणायचं, “मी तिथे होते काका. बाबांनी हात जोडले एवढंच मी पाहिलं. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही.” पुढे वाद घालायचा नाही.

आता आजीचं. फुफ्फुसाच्या कॅन्सरमध्ये शेवटाला बरेचदा रक्तात ऑक्सिजन कमी पडतो, कार्बन डायऑक्साइड साठतो, दुखू नये म्हणून बहुधा मॉर्फिन चालू असतं, खाणंपिणं सुटलेलं असतं. त्यात माणूस भ्रमतो. डॉक्टर त्याला डिलिरियम म्हणतात. पण मी वॉर्डात जे पाहिलं ते सगळंच काही त्या नावाखाली बसत नाही. डिलिरियमचा पेशंट बऱ्याचदा घाबरलेला असतो, सलाईन उपसून काढतो, ओळखीच्या माणसाला चोर समजतो. आणि कधी कधी दुसरंच काही दिसतं. पेशंट शांत असतो, तुमच्याशी नीट बोलतो आणि मधेच म्हणतो, ते बघ, अण्णा आलेत.

अमेरिकेत बफेलो शहरात ख्रिस्तोफर केर नावाचे डॉक्टर मरणाच्या दारात असलेल्या पेशंटांची सेवा करणाऱ्या संस्थेत, म्हणजे हॉस्पिसमध्ये, काम करतात. त्यांच्या गटाने ५९ पेशंटांना रोज विचारून हे सगळं नोंदवलं आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. दहातल्या जवळजवळ नऊ जणांना असं काहीतरी स्वप्नात किंवा जागेपणी दिसलं होतं. मरण जवळ येत गेलं तसतशी आधी गेलेली आपली माणसं जास्त दिसू लागली, आणि सगळ्यात जास्त दिलासाही त्यांच्याच दिसण्याने मिळत होता. तुझ्या बाबांना त्यांची आई दिसली. त्यांनी तुला काय सांगितलं? तिला बसायला दे. आल्या-गेल्याला बसायला द्यायचं, हीच त्यांची रीत असणार. यात त्यांच्या नास्तिकपणाला तडा कुठे गेला, मला तरी दिसत नाही. आई आठवायला देव मानावा लागत नाही. ती आजी खरोखर आली होती की मेंदूने दाखवली, याचा निवाडा त्या पाहणीने केलेला नाही. तसा तिचा दावाही नाही.

मग तुझा मोठा प्रश्न. मेल्यावर कळतं का?

मी देव मानणारी बाई आहे, हे तुला आधीच सांगते. माझ्या घरी रोज दिवा लागतो, विठ्ठलावर माझा जीव आहे, गुडघे धड होते तोवर वारीत चाललेय. म्हणजे हे लिहिणारी तुझ्या बाबांच्या बाजूची नाही. तरीही काकांचं ‘आता कळलं असेल’ हे वाक्य मला पटत नाही. त्यात मरण म्हणजे जणू दहावीचा निकाल, इकडे डोळे मिटले की तिकडे पास-नापास लागलेलं. ज्या परंपरेच्या नावाने काका बोलतात, तीसुद्धा असं म्हणत नाही.

समज, मेल्यावर काहीच नाही. मग ‘आपलं बरोबर होतं’ हे कळायलाही बाबा नाहीत. काका चुकले, हेही काकांना कधी कळायचं नाही. चार्वाकाच्या मताने देहाची राख झाली की परत येणं नाही, म्हणजे कळून घेणाराच उरत नाही.

समज, पुनर्जन्म आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, माझे आणि तुझे पुष्कळ जन्म होऊन गेले. ते सगळे मला माहीत आहेत, तुला नाहीत. याचा अर्थ नीट लक्षात घे. गीता प्रमाण मानली तर अर्जुन अनेकदा मेलेला आहे, आणि एवढ्या वेळा मरूनही त्याला काही कळलेलं नाही. म्हणून तर तो रणांगणात रडत बसलाय आणि त्याला जिवंतपणी, भर कुरुक्षेत्रावर, सगळं सांगावं लागतंय. त्या हिशेबाने तू, मी, काका, आपण सगळेच कितीदा तरी मेलो आहोत. त्यातून शहाणपण आलेलं दिसत नाही.

समज, स्वर्ग आहे. त्यानेही ईश्वर सिद्ध होत नाही. आपल्याकडे पूर्वमीमांसक, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा विचार करणारे पंडित, यज्ञाने स्वर्ग मिळतो हे ठामपणे मानायचे, पण त्यासाठी जगाचा कर्ता ईश्वर त्यांना लागत नव्हता. जैन धर्मात स्वर्ग आहे, नरक आहे, कर्म आहे, पुनर्जन्म आहे. जग निर्माण करणारा देव नाही. तिथे जागा झालेला माणूस ‘मेल्यावर काहीतरी आहे’ एवढं म्हणू शकेल. देवाचा प्रश्न त्याच्यासाठी तसाच उघडा राहील. कयामतीच्या किंवा न्यायाच्या दिवशी सगळं सत्य उघड होतं अशी श्रद्धा इस्लाममध्ये आणि ख्रिस्ती धर्मात आहे, आणि त्यांच्या धर्मविचारात ती आपल्या जागी नीट बसते. आपल्या काकांना ती तिथून उचलून पिंडाशेजारी आणून ठेवता येणार नाही.

आणि कठोपनिषद तर बघ. नचिकेता हा पोरगा यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसतो, म्हणून यम त्याला तीन वर देतो. तिसऱ्या वरात तो तुझाच प्रश्न विचारतो. मेलेल्या माणसाबद्दल शंका आहे, कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो, हे मला सांग. प्रत्यक्ष मृत्यूला विचारलंय, आणि मृत्यू काय म्हणतो? याबद्दल पूर्वी देवांनाही शंका होती, हे सहज कळण्यासारखं नाही, दुसरा वर माग. गाईगुरं घे, हत्ती घे, सोनं घे, हवं तेवढं आयुष्य घे. पोरगा हटत नाही तेव्हा यम आत्मज्ञान सांगतो. पण पुढे त्याच उपनिषदात स्पष्ट म्हटलंय की शरीर गळून पडायच्या आधी, इथेच, ज्याला हे कळलं तो सुटला. नाही कळलं तर पुन्हा देह धरणं आलं. म्हणजे मरण आपण होऊन काही शिकवत नाही, असं यमाच्या तोंडूनच आलंय.

माझ्या तुकोबांचंही तेच. ‘आपुले मरण पाहिले म्यां डोळां’ म्हणाले ते जिवंतपणी. आणि ‘हेचि दान देगा देवा’ मध्ये मुक्ती नको म्हणतात, पुन्हा गर्भवासात घाल म्हणतात, फक्त तुझा विसर पडू देऊ नको. पलीकडे गेल्यावर कुणाला काय कळलं याची चौकशी वारकऱ्याने कशाला करायची?

‘जे मरून परत आले ते सांगतात की’ हे तुला कुणीतरी सांगितलं असेल, नाहीतर सांगेल. यूट्यूबवर असे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यात सगळं खोटं नसतं. माणसांना अनुभव येतात. नेदरलँड्समध्ये हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या ३४४ पेशंटांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातल्या ६२ जणांना त्या वेळचं काहीतरी आठवत होतं. बाकीच्यांना काहीच नाही. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा यांनी मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांच्याबरोबर उत्तर भारतातले असे अनुभव गोळा केले, ते १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. आपली माणसं काय सांगतात? काळे दूत न्यायला आले, एका माणसासमोर नेऊन उभं केलं, त्याच्यापुढे वही होती, त्याने पाहिलं आणि म्हणाला, अरे, हा नव्हे, त्याच नावाचा दुसरा आणायचा होता, याला परत सोडा. नावाच्या चुकीमुळे परत पाठवल्याची ही गोष्ट अमेरिकन लोकांच्या सांगण्यात येत नाही. त्यांना बोगदा दिसतो, उजेड दिसतो, आपलं आयुष्य डोळ्यांसमोरून सरकतं. म्हणजे उंबरठ्यावर जे दिसतं ते आपल्याच घरचे कपडे घालून येतं. कुणी म्हणेल, देव ज्याला जे समजेल त्या रूपात भेटतो. म्हणू दे. पण मग त्यावरून ‘खरं’ कोणतं हे ठरत नाही, एवढं त्यालाही मान्य करावं लागेल.

याची परीक्षा घ्यायचाही प्रयत्न झालाय. सॅम पार्निया या डॉक्टरांनी इंग्लंड, अमेरिका आणि ऑस्ट्रियातल्या १५ दवाखान्यांत छताजवळ फळ्या बसवल्या आणि वरून पाहिल्यासच दिसतील अशी चित्रं त्यांवर ठेवली. हृदय बंद पडलेला कुणी ‘मी वरून स्वतःला पाहिलं’ म्हणाला तर त्याला चित्र कोणतं होतं ते विचारायचं. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना नोंदवल्या. बहुसंख्य पेशंट वाचलेच नाहीत. जे बोलू शकले त्यांच्यापैकी दोघांनी पाहिल्या-ऐकल्याचं सविस्तर सांगितलं, पण ते दोघे ज्या खोल्यांत होते तिथे फळी नव्हती. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे निकाल ना इकडचा लागला, ना तिकडचा. आणि सगळ्यात साधी गोष्ट अशी की हे लोक परत आले. तुझे बाबा जिथे गेले तिथपर्यंत ते गेलेच नव्हते.

तर तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर हे. बाबांना काय कळलं, कळलं का, हे कुणालाही माहीत नाही. मरण हा कुणाच्याच बाजूचा साक्षीदार नाही. काकांच्या बाजूचा नाही, बाबांच्या बाजूचाही नाही, आणि माझ्या विठ्ठलाच्या बाजूचाही नाही. माझी श्रद्धा मला वॉर्डात मिळालेली नाही. ती आईच्या ओव्यांतून आली. तुझ्या बाबांचं नाही म्हणणंही त्यांच्या वाचण्या-जगण्यातून आलेलं. दोन्हींचा कस जिवंतपणी लागतो.

‘चुकलेले असतील तर आता त्यांचं काय?’ असं तू लिहिलंयस. पत्रात ते ओझरतं येऊन जातं, पण तेच वाचून मला गलबलून आलं. काका बहुतेक ‘अंते मति: सा गति:’ म्हणाले असतील. गीतेच्या आठव्या अध्यायातला तो विचार, शेवटी जे आठवेल तसं होतं. पण तो श्लोक तिथे थांबत नाही. जो भाव माणसाने सदैव मनात धरलेला असतो तोच शेवटी येतो, असं तो पूर्ण होतो. म्हणजे पुन्हा आयुष्यावरच येऊन थांबलो. तुझ्या बाबांनी सदैव काय धरलं होतं? वाचनालयाची काळजी मेल्यावरही करणारा माणूस होता तो. स्वतःच्या देहाचाही उपयोग व्हावा म्हणून आपल्या हाताने फॉर्म भरला. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला मुलं शरीररचना शिकतात ती अशाच देहांवर. बऱ्याच कॉलेजांत विच्छेदनाला हात लावण्याआधी मुलं उभी राहून त्या देहाबद्दल कृतज्ञतेची शपथ घेतात. बाबांच्या देहापुढेही कुणी तशी मान झुकवली असेल. ज्या देवाला मी मानते तो अशा माणसाला ‘मला नावाने हाक मारली नाहीस’ म्हणून तेलाच्या कढईत टाकेल, हे मी मानत नाही. तसा देव असेल तर त्याच्यापुढे दिवा लावायला मला लाज वाटेल. गरुडपुराणातली वर्णनं जिवंत माणसाने पापाला भ्यावं म्हणून सांगितलेली आहेत. सुतकात बसलेल्या मुलीला तिच्या बापाच्या नावाने ती ऐकवायची, हा निव्वळ आडमुठेपणा.

आणि कावळा! घाटावर माणसांची गर्दी, एकाशेजारी एक मांडलेले पिंड, सकाळपासून पोट भरलेले पक्षी. कावळा मुळातच सावध. तो लांब बसून राहिला. देवभोळ्यांच्या, रोज पूजा करणाऱ्यांच्या पिंडालाही तासन् तास कावळा शिवत नाही आणि दर्भाचा करावा लागतो, हे काकांनाही ठाऊक आहे. तेव्हा ते काही बोलत नाहीत.

काकांबद्दल मात्र मला वेगळंच वाटतं. १७७६ साली एडिंबराचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम पोटाच्या दुखण्याने मरणाला टेकला होता. तोही देवाधर्माबद्दल शंका घेणारा. जेम्स बॉसवेल हा त्याचा ओळखीचा गृहस्थ मुद्दाम भेटायला गेला, आता तरी हा परलोक मानतो का बघायला. ह्यूम शांत होता, हसतखेळत बोलत होता. मेल्यावर आपण नसू या विचाराने त्रास होत नाही का, असं विचारल्यावर म्हणाला, जन्माआधी नव्हतो त्याचा तरी कुठे होतो? दीड महिन्याने तो गेला. अस्वस्थ झाला तो बॉसवेल. देवाशिवाय माणूस इतका निवांत मरू शकतो, हे त्याला झेपेना. तुझ्या काकांचंही तसंच असावं. पाठचा भाऊ आपल्या आधी गेला, देव न मानता गेला, आणि चांगला माणूस म्हणून गेला. मोठ्या भावाच्या पायाखालची जमीन हलली असेल. हात जोडल्याची गोष्ट ते इतरांना सांगतात, पण ती ते स्वतःलाच ऐकवत असावेत. त्यांना तोडून बोलू नकोस. पण आईसमोर ‘तो अतृप्त आहे’, ‘त्याला गती नाही’ असली भाषा चालणार नाही, हे त्यांना एकदा स्पष्ट सांग. दादाकडून सांगवलंस तर जास्त बरं.

दादाचं तू फारसं काही लिहिलं नाहीस, दहाव्यासाठी अडून बसला आणि आता त्याला श्राद्ध करायचंय एवढंच. शेवटच्या संध्याकाळी खोलीत तू एकटीच होतीस, म्हणजे तो तिथे नव्हता. कामामुळे असेल, अंतरामुळे असेल. जो शेवटी जवळ नसतो तो नंतर विधींना घट्ट धरतो, हे मी फार घरांत पाहिलंय. त्याला काहीतरी करायचं राहून गेलंय. त्याच्याशी श्राद्धावरून बोलायला सुरुवात करू नकोस. शेवटचे दिवस कसे गेले ते त्याला सविस्तर सांग. काय खाल्लं, काय बोलले, तुझ्या हाताला कसं धरलं. आजी आल्याचंही सांग. हे त्याला कुणीच सांगितलेलं नसेल.

वर्षश्राद्धाचं ठरवायच्या आधी आईला विचार. सगळ्यांनी मिळून नव्हे, तू एकटीने, तिच्याशेजारी बसून. संसारभर नास्तिक नवऱ्याशेजारी देव्हारा सांभाळलेली बाई आहे ती. ते दोघं हे कसं निभावत होते ते तिलाच माहीत. ती गप्प आहे याचा अर्थ तिला मत नाही असा नव्हे. बाबांनी लिहून ठेवलंय ते पाळायचंच. वाचनालयाचे पैसे वर्षश्राद्धाची वाट न बघता याच महिन्यात द्या, दादाच्या हातून द्या. त्यांच्या नावाने संकल्प, पिंड वगैरे पुन्हा नको. गेलेल्याचा शब्द आहे, एकदा मोडला तेवढा पुरे. पण त्या तिथीला आईला नैवेद्याचं पान वाढावंसं वाटलं, दिवा लावावासा वाटला, तर ते तिचं आहे. जन्मभर बाबांनी तिच्या देव्हाऱ्याला हात लावला नाही, तूही लावू नकोस.

झोपेचं दुखणं अंगावर काढू नकोस. पाच महिने झालेत. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखव, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी नंबरवर बोल, तिथे मराठीत बोलता येतं. यात कमीपणा काही नाही.

राहिला तुझा पोरगा. त्याला ‘आजोबा आकाशात चांदणी झाले’ असं काही सांगू नकोस. सात वर्षांच्या मुलाला खोटं लगेच कळतं, विशेषतः आजोबा शिक्षक असले तर. त्याला सांग, “मला माहीत नाही. आजोबांना वाटायचं देव नाही. आजीला वाटतं आहे. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम होतं.” तो विचारेल, मग खरं कोणाचं? त्यालाही ‘माहीत नाही’ हेच उत्तर दे, आणि तो पुन्हा पुन्हा विचारायला आला तरी कंटाळू नकोस. आजोबांचं म्हणणं त्यांच्याच वह्या-पुस्तकांतून त्याला वाचून दाखव. आजीचं तिच्याकडूनच ऐकू दे. आणि काकांनी त्याच्यासमोर पुन्हा ते वाक्य काढलं, तर त्याला तिथून उठवून बाहेर नेऊ नकोस. त्याच्यासमोरच काकांना सांग की हे कुणालाही माहीत नाही. त्याने ते तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

तुझी,
ताई